हिरव्या पेन्सिलीतलं ‘छान’

बाई आमच्या ऑफिसात आल्या त्याला सात वर्षं झाली. त्यातली बरीचशी मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडून काढली. उघड चिडायची सोय नव्हती. ज्या माणसाला सगळे ‘बाई’ म्हणतात त्याच्यावर आवाज चढवता येत नाही. चाळिशी उलटली तरी हात आपोआप मागे बांधले जातात.

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, एका लांबट हॉलमध्ये आहे. सहा टेबलं, एक पाण्याचा फिल्टर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि पडद्यामागे मालकांची केबिन. आम्ही एकच गोष्ट बनवतो, इस्पितळांच्या औषध विभागासाठी लेबलं छापणारा प्रोग्राम. रुग्णाचं वजन, औषधाचं नाव आणि डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा भरली की बाटलीवर चिकटवायचं लेबल बाहेर येतं: अमुक इतकं मिलि, दिवसातून इतक्या वेळा. सगळं पीएचपी नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, बारा वर्षांचं जुनं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त माझ्या हातचं. त्याचा मला अभिमान होता. आता तो शब्द मी जरा जपून वापरतो.

बाई त्याआधी शाळेत गणित शिकवायच्या. एकोणीस वर्षं. पटसंख्या घसरत घसरत शाळाच बंद पडली, तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. घरी नवरा पायानं अधू झालेला, दिवसभर खिडकीपाशी बसून लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करणारा. दुसरी कोणी असती तर तिनं शिकवण्या सुरू केल्या असत्या. बाईंना पूर्वी शाळेचं वेळापत्रक लावताना संगणकाचा नाद लागला होता. त्यांनी आठ महिने घरी बसून पीएचपी शिकून घेतलं आणि सरळ आमच्या मालकांसमोर येऊन बसल्या.

त्या मुलाखतीला मी हजर होतो. भिंतीवर, फिल्टरच्या वर, मालकांनी एक छोटा स्क्रीन लावला होता. त्यावर हिरव्या अक्षरात भलं मोठं शून्य. आमच्या कोडमध्ये एकच मजकूर दोन ठिकाणी उतरवलेला आहे का, हे तपासणारं एक टूल होतं, त्याचा तो निकाल. येणाऱ्या प्रत्येकाला मालक तो स्क्रीन दाखवायचे. बाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

“शून्य? इतक्या जुन्या कोडमध्ये?”

“आमची शिस्तच तशी आहे,” मालक म्हणाले.

“असेलही,” बाई म्हणाल्या. “पण इतकं स्वच्छ घर मी फक्त पाहुणे यायच्या दिवशीच पाहिलंय.”

मालक हसले. मी हसलो नाही, कारण ते घर मी आवरलं होतं.

मालकांनी त्यांना तपासनीस नेमलं. कोणीही नवीन काही लिहिलं की ते बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जायचं नाही. आणि नजर कसली, भिंग होतं ते. बाई स्क्रीनवर वाचत नसत. कागदावर छापून घ्यायच्या, पट्टी ठेवायच्या आणि हिरव्या पेन्सिलीनं खुणा करायच्या. लाल का नाही, असं मी एकदा विचारलं. “लाल बघितलं की पोरं वाचत नाहीत, नुसती घाबरतात,” त्या म्हणाल्या. हिरवं बघूनही आम्ही घाबरायचोच. महिरपी कंस भलत्या ओळीवर. ओळ चार घरं आत हवी, तीनच आहे. या नावावरून काय कळतं, ‘डेटा दोन’ म्हणजे काय, तुझा दुसरा मुलगा? या अकरा ओळी सोमवारी त्या दुसऱ्या क्लासमध्ये पाहिल्यासारख्या वाटतात. क्लास म्हणजे एका कामाचा सगळा कोड बांधून ठेवलेली एक फाईल, आणि बाईंच्या मते एका कामाची अशी एकच फाईल असावी, दोन असल्या की त्यातली एक खोटं बोलणार.

“अहो, चालतंय ना ते!” मी म्हणायचो.

“चालतं तर उलटं घातलेलं जाकीटसुद्धा,” बाई म्हणायच्या, आणि कागद परत माझ्या टेबलावर.

संध्याकाळी सहा वाजले की पेन्सिल डब्यात, डबा पिशवीत आणि बाई जिन्यात. जग बुडालं तरी. सहानंतर नवऱ्याच्या पायांचा व्यायाम असायचा, आणि बाईंचं म्हणणं होतं की सहानंतर आपले डोळे आपल्यालाच फसवतात.

सात वर्षांत त्यांनी मला शाबासकी दिली ती एकदाच. पाच वर्षांपूर्वी इस्पितळानं अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी वेगळा कक्ष काढला, त्यांच्या लेबलांसाठी नवा क्लास हवा होता. माझं लिखाण बाईंनी चार वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा मी असं काही पॉलिश केलं, की कंस जागेवर, ओळी शिस्तीत, प्रत्येक नाव बोलकं, कुठे एक शब्द जास्तीचा नाही. कागद परत आला तेव्हा वरच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीत एकच शब्द होता: छान. खाली सही आणि तारीख.

मी तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. आमची सौभाग्यवती एकदा ऑफिसात आली होती, तिनं पाहिलं आणि म्हणाली, “लग्नाचा फोटो नाही तो इथे?” मी म्हटलं, जागा नव्हती. त्यावर घरी आठ दिवस आमटी अळणी होती, पण कागद तिथून हलला नाही.

गेल्या महिन्यात इस्पितळानं कळवलं की तापाच्या एका औषधाची बाटली बदलली आहे. पूर्वी पाच मिलित शंभर मिलिग्रॅम औषध असायचं, आता एकाच मिलित शंभर. थेंबाथेंबानं द्यायचं, दाट औषध. आमचा जुना हिशेब सगळ्या बाटल्या पाच मिलिच्या मापाच्याच धरून चालायचा. मी मूळ क्लास उघडला, बाटलीवरचं माप वाचून हिशेब करायची सोय केली, बाईंनी तपासलं, काम आत गेलं. बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला होता.

“हा हिशेब आणखी कुठे आहे का रे?”

मी भिंतीकडे बोट दाखवलं. शून्य.

बुधवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला. इस्पितळाच्या फार्मासिस्ट होत्या. मालकांनी फोन मोठ्या आवाजावर लावला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काल एका बाळाला घरी सोडत होते. आईच्या हातात बाटली देताना वॉर्डातल्या सिस्टरनं लेबल वाचलं: पाच मिलि. एवढ्याशा जिवाला, त्या दाट औषधाचे पाच मिलि. द्यायला हवं होतं एक. सिस्टरनं बाटली काढून घेतली. बाळ सुखरूप घरी गेलं.

“तिनं वाचलं नसतं तर?” फार्मासिस्ट म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “तुमची लेबलं मी कालपासून बंद केलीत. आमच्या तिघी जणी हातानं लिहितायत. हातानंही चुका होतात, दोन मीच पकडल्या. शुक्रवारी सकाळी दहापर्यंत मला लेखी हवंय की ही चूक आता कुठ्ठेच नाही. सही त्या तपासणाऱ्या बाईंची. तुमची नको.”

मालकांनी फोन ठेवला. ही चूक कुठून आली ते फक्त मला ठाऊक होतं.

ते आता सांगून टाकतो. पहिल्या काही वर्षांत इस्पितळाचा प्रत्येक विभाग थोडं वेगळं लेबल मागायचा. एकाला मोठी अक्षरं, एकाला घरी जातानाच्या सूचना, एकाला डॉक्टरांचं नाव वर. मी दर वेळी आख्ख्या क्लासची नक्कल उतरवायचो, नवं नाव द्यायचो, दोन ओळी बदलायचो, झालं काम. मग मालकांनी ते टूल आणलं आणि स्क्रीनवर एक्केचाळीस आकडा आला. “महिनाअखेर शून्य पाहिजे,” मालक म्हणाले. सगळ्या नकला मोडून एक क्लास करायचा तर दोन महिने हवेत. मी आठवड्यात शून्य केलं. नावं बदलली, ओळी पुढेमागे केल्या, एक गणित दोन पायऱ्यांत फोडलं. टूल बिचारं शब्दाशी शब्द ताडून बघणार. त्याला एकही नक्कल ओळखू येईना. नकला होत्या तिथेच होत्या, नुसती टोपी बदलून उभ्या, आणि प्रत्येकीत तोच जुना पाच मिलिचा हिशेब. हे सगळं बाई यायच्या आधीचं, आणि बाई तपासायच्या ते नव्यानं येणारं. जुन्या कपाटात हात घालायची वेळ कोणावर आली नव्हती.

“टूल शून्यच दाखवतंय,” मालक म्हणाले. “असं करू, सगळ्या फायली कोड नीटनेटका करणाऱ्या प्रोग्राममधून काढू. कंस, ओळी, सगळं एकसारखं होईल. मग परत टूल लावू. तासाभराचं काम.”

“हात लावायचा नाही,” बाई म्हणाल्या.

मालकांनी वळून पाहिलं. ज्या बाई सात वर्षं एका कंसासाठी जीव खायच्या, त्याच आता अस्ताव्यस्त फायली तशाच ठेवा म्हणत होत्या.

“अहो मालक, घरात कोणी शिरून गेलं असेल तर आधी फरशी पुसतात का? मला तो गबाळेपणाच हवाय. माणूस नाव बदलेल, ओळ बदलेल. सवय नाही बदलत.”

मग त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली. दोन मुलांचं उत्तर बरोबर असलं तर कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते कळत नाही. दोघांची एकच विचित्र चूक असली की कळतं. नक्कल करणारा बरोबर तेवढंच उचलत नाही, बिनकामाचंही उचलतो.

औषधाशी आणि वजनाशी ज्यांचा संबंध होता असे त्रेसष्ट क्लास निघाले. चारशे पानांच्या आसपास. बाईंनी ते सगळे छापायला लावले, त्यात प्रिंटर दोनदा गुदमरला. त्यांनी मूळ क्लास आधी घेतला आणि त्यातला गबाळेपणा एका कागदावर उतरवला. अटीचा कंस खालच्या ओळीवर. क्लास संपायच्या आधी दोन मोकळ्या ओळी. आणि सर्वात मोठं म्हणजे वजन शून्य आहे का, ही तपासणी दोनदा. पहिल्यांदा कामाची, दुसऱ्यांदा विसरून राहिलेली. मी बारा वर्षांपूर्वी विसरलो होतो.

बुधवारी सहापर्यंत दोन सापडले. मालक जिन्यात आडवे आले. “बाई, आज जरा थांबा की. प्रसंग काय आहे!”

“प्रसंग आहे म्हणूनच जाते. दमल्या डोळ्यांनी एक सुटला तर सही कोणाची आहे?” त्या म्हणाल्या आणि गेल्या. सकाळी साडेसातला आल्या. कुलूप आमच्या आधी त्यांनीच उघडलं होतं.

गुरुवारी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. चार क्लास शेजारीशेजारी मांडले. हिरव्या खुणा चारही पानांवर त्याच जागी.

“हा हात तुझा आहे.”

मी उसळलो. बारा वर्षं इथे मरमर मरतोय, तेव्हा टूल नव्हतं, तपासनीस नव्हते, एकटा होतो, इस्पितळाला उद्याच्या उद्या सगळं हवं असायचं. बरंच काही बोललो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वर्गात असंच ऐकत असतील.

“झालं? आता सांग, तू लपवलंस की नुसतं उतरवलंस?”

“लपवलं,” मी म्हटलं. “त्या शून्यासाठी.”

“किती?”

“पाच असतील. आठवत नाही नीट.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं. “मला वाचता येतं, पण लपवणाऱ्याचं डोकं तुझं आहे. बस इथे. आपण दोघं शोधू.”

साडेपाचच्या सुमारास पाचवा सापडला, लसीकरणाच्या लेबलांत. तिथे मी दुसरी तपासणी उलटी लिहून ठेवली होती, माझी मलाच लाज वाटली. राहिलेली पानं बाईंनी पट्टी लावून संपवली.

“झाले पाच,” मी म्हटलं. “एवढेच.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “नक्की?”

“नक्की.”

मला माहीत नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. घरी जेवताना बायकोनं विचारलं, काय झालंय. मी सगळं सांगितलं, पाचांपर्यंतचं. ती म्हणाली, “तुला त्या बाईंची एवढी भीती का वाटते?” मी म्हटलं, भीती? मला? आणि पान अर्धं टाकून उठलो.

शुक्रवारी नऊला मी टेबलावर पिशवी ठेवली आणि काचेखाली नजर गेली. छान. तो सुंदर क्लास मी शून्यातून लिहिला नव्हता. त्याही वेळी जुनाच उचलला होता. बाईंनी चार वेळा परत पाठवला म्हणून घासून घासून चकचकीत केला होता. कंस जागेवर. मोकळ्या ओळी गेलेल्या. दुसरी तपासणी काढलेली. सवयीची एकही खूण उरली नव्हती, त्यामुळे बाईंची पट्टी त्याच्यावरून सरळ पुढे गेली होती. आणि मधोमध, अतिशय बोलक्या नावाचं एक ठरीव माप होतं: ‘नेहमीचं बाटलीमाप’, किंमत पाच.

सर्वात लहान बाळांच्या कक्षाची लेबलं त्यातून निघायची.

गुपचूप दुरुस्त करावं म्हटलं तर बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळ आत जात नाही. काही न बोलावं आणि सोमवारी सहज सापडल्यासारखं दाखवावं, हेही मनात येऊन गेलं. मध्ये फक्त शनिवार-रविवार. दोन दिवसांत त्या कक्षात कितीशी लेबलं छापली जाणार, असा हिशेब मी खरोखर केला. तो केला हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पावणेदहाला बाई केबिनमध्ये होत्या. मालकांनी पत्र टाईप करून ठेवलं होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

मी काच उचलली. तिचा कोपरा बोटाला लागला आणि रक्त आलं. कागद घेऊन आत गेलो आणि पत्रावर ठेवला.

“सही करू नका. हा सहावा.”

मालकांनी डोक्याला हात लावला. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या अक्षराकडे.

“हा तर मी पास केलाय,” त्या म्हणाल्या.

“मी तुम्हाला फसवलं.”

“तू नटवलंस. फसले मी. चार वेळा परत पाठवला तो कंसांसाठी, हिशेब एकदाही ताडून पाहिला नाही. दिसायला चांगला दिसला आणि लिहून टाकलं.” त्या उठल्या. “मालक, फोन लावा. त्यांना सांगा, दहाला सही मिळणार नाही. एक आणखी सापडलाय, कोणत्या कक्षाचा तेही सांगा, स्पष्ट सांगा. दोनला देते.”

“अहो, ते लोक आपल्याला काढून टाकतील!”

“टाकू देत. फोन लावा.”

मालकांनी लावला. कक्षाचं नावही सांगितलं. मग फार्मासिस्ट म्हणाल्या, “दोन. दोनच्या पुढे एक मिनिट नाही.”

बाई माझ्या शेजारी बसल्या. सहाही क्लासांतला हिशेब आम्ही उपटून काढला आणि सगळ्यांना त्या एका दुरुस्त क्लासकडेच विचारायला लावलं. आता माप बदललं तर एकाच जागी बदलायचं. मी लिहायचो, त्या वाचायच्या. मध्येच एक कंस खालच्या ओळीवर गेला, त्यांनी पेन्सिलीनं माझ्या मनगटावर टकटक केलं. जेवायला कोणी उठलं नाही. पावणेदोनला प्रत्येक विभागाचं एकेक लेबल छापलं, आकडे मंगळवारी घरी गेलेल्या त्या बाळाचेच भरून, शेवटचं लहान बाळांच्या कक्षाचं.

“वाच मोठ्यानं,” बाई म्हणाल्या.

“एक मिलि,” मी वाचलं.

“परत.”

“एक मिलि.”

मग त्यांनी सही केली. दोनला सात मिनिटं कमी होती.

भिंतीवरचा स्क्रीन मालकांनी त्याच दुपारी स्वतः स्टुलावर चढून उतरवला. तिथे आता भिंतीवर एक फिकट चौकोन तेवढा राहिलाय. उरलेल्या जुन्या नकला, मात्रेच्या हिशेबाशी संबंध नसलेल्या, आम्ही दोघं अजून शोधतो आहोत. दर गुरुवारी, सहापर्यंत.

त्या दिवशी सहाला बाई डबा भरत होत्या तेव्हा मी कागद परत मागितला. म्हटलं, फाडून टाकतो. बाईंनी खोडरबर घेतला आणि कोपऱ्यातलं ‘छान’ खोडलं. घाई केली नाही, एकेक अक्षर खोडलं. सही आणि तारीख तशीच ठेवली. मग कागद घडी घालून आपल्या खणात ठेवला.

“अहो, चूक माझी आहे,” मी म्हटलं.

“तुझे पाच तुझ्याकडे ठेव,” बाई म्हणाल्या. “हा माझा.”

आता कशावरही सही करण्याआधी त्या खण उघडतात, तो कागद उलगडून बघतात, आणि मग माझं लिखाण पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतात.